धुळ्याच्या मंदिरातली फरशी

फाळणीच्या आदल्या वर्षी मी जळगावच्या एका फरशीच्या कारखान्यात नक्षी काढण्याच्या कामाला होतो. सिमेंटच्या रंगीत फरश्यांची तेव्हा नवलाई होती. मी कागदावर नक्षी आखायचो, तिच्यावरून पितळेचा साचा व्हायचा आणि साच्याच्या खणांत रंग ओतून फरशी दाबली जायची.

एके सकाळी शेठजींनी मला बोलावलं. धुळ्यातल्या एका मंदिराच्या सभामंडपात आमची फरशी नुकतीच बसली होती. ही नक्षी मशिदीतली आहे, असं तिथं कुणीतरी बोललं होतं. पंचांनी नक्षी काढणाऱ्यालाच बोलावलं होतं.

"रांगोळीवरून काढली म्हणून सांग," शेठजी म्हणाले. "कोण तपासायला बसलंय?"

नक्षी मशिदीतलीच होती. आम्ही जळगावजवळच्या असोद्याचे, केळी-कापूस करणारे. शाळा सुटल्यावर मी नशिराबादच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे जायला लागलो. ते दगडावर अरबी अक्षरं कोरत, मशिदीच्या जुन्या दगडी जाळ्या दुरुस्त करत. अक्षरं मला कधी वाचता आली नाहीत. पण नुसत्या परकाराने आणि दोरीने एका वर्तुळातून आठ टोकांचा तारा कसा काढायचा, हे मी सहा वर्षं त्यांच्याकडे शिकलो. वडिलांनी मनाई केली नाही. मी नशिराबादहून आलो की दाराबाहेर बादली भरून ठेवलेली असे. अंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही.

धुळ्याच्या मोटारीत लांबलांबच्या दंग्यांचीच बोलणी चालली होती. मी रांगोळीचं उत्तर मनात घोकत होतो.

सभामंडपात पंच पायऱ्यांवर बसले होते. फरशीवर कुणीच पाय ठेवला नव्हता. खांबाशी दोघे पहारी घेऊन उभे होते. पंचांतल्या सर्वांत वयस्कर आबांनी विचारलं, "खरं सांग, हाई नक्षी कोनी शे?"

घोकलेलं उत्तर ओठांवर आलं, पण त्या म्हाताऱ्याकडे बघत ते बोलवेना.

"नशिराबादच्या मशिदीतली आहे," मी म्हणालो. "माझ्या उस्तादांनी शिकवलेली."

"मग आधी का नाही सांगितलं?" दुसरा पंच उठून उभा राहिला.

"कुणी विचारलं नाही."

हे खरं होतं आणि खोटंही. सांगितलं असतं तर त्यांनी ती घेतली नसती, हे मला ठाऊक होतं.

"बठ्ठी फरशी काढी टाका," आबा म्हणाले. सगळीच काढायची होती.

पहिल्या घावाला तीन फरश्या फुटल्या. मी पुढे झालो आणि म्हणालो, "मी काढतो. निदान फुटणार तरी नाहीत." पहारवाल्याने आबांकडे पाहिलं आणि पहार माझ्या हातात दिली. दोन दिवस मी गुडघ्यांवर बसून स्वतःची फरशी उखडत होतो, आणि माझ्या पाठीशी सतत कुणी ना कुणी उभं असे.

दुसऱ्या दुपारी आबा एकटेच आले. जवळ बसून हळूच म्हणाले, "आखतस कशी?" मी खडूने वर्तुळ काढून दाखवलं. ते वाकून रेघा बघू लागले. "चांगली शे," म्हणाले. "पन ठेवता येवाव नही."

उखडलेल्यांतली एक फरशी घेऊन परत आलो ते थेट नशिराबादला गेलो आणि घडलेलं सांगितलं. उस्तादांना आता दिसत नव्हतं. रंग जिथे जुळतात तिथली बारीक कड चाचपत त्यांनी फरशीवर बोटं फिरवली. "ही तर माझीच जाळी. जशीच्या तशी?"

"हो."

"मग बेटा, त्यांनी माझी उखडली. तुझी अजून कुणी पाहिलीच कुठे?"

मला राग आला. मी दोन दिवसांचे फोड घेऊन गेलो होतो, आणि ते मलाच बोलत होते. महिनाभर मी त्यांच्याकडे फिरकलो नाही. पण त्याच महिन्यात मी तारा पुन्हा आखायला घेतला. वर्तुळ त्यांचंच ठेवलं आणि मधल्या टोकांतून असोद्याच्या शेतातलं फुटलेलं कापसाचं बोंड उमलवलं. शेठजींनी कुरकुरत साचा करू दिला. पहूरच्या एका शाळेने ती फरशी मागितली, तेव्हा माल निघण्याआधीच मी नशिराबादचं सगळं सांगून टाकलं. हेडमास्तर म्हणाले, "गाड्या सोमवारी पाठवतो."

पहिल्या घाण्यातली एक फरशी मी उस्तादांकडे नेली. त्यांची बोटं बोंडापाशी आली आणि थांबली.

"इथला कोन चुकलाय," ते म्हणाले.

चुकला होता. सोमवारच्या गाड्या रिकाम्याच परत पाठवून साचा पुन्हा करावा लागला.