आईच्या परडीतली जास्वंद

वहिनीची जास्वंद माझ्या जास्वंदीपेक्षा जास्त फुलायची आणि मला ते सहन होत नव्हतं. सरळच सांगतो. पत्रकं लिहून लिहून आडून बोलायची सवय मोडली आहे.

सातपूरच्या आमच्या गच्चीवर अर्धे कापलेले ड्रम आहेत, त्यात झाडं. दादाचं लग्न होईपर्यंत आईच्या परडीत गणपतीसाठी जायची ती माझ्याच झाडाची फुलं. "लेकाच्या झाडाची आहेत," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मग वहिनी आली, आणि निफाडकडच्या माहेराहून जास्वंदीची एक काडी घेऊन आली. ती काडी बघता बघता कमरेएवढी, भरगच्च झाली. माझं झाड मात्र नुसतं उंच, किडमिडं. खाली काटक्या, फुलं पार शेंड्याला, तीही कठड्याबाहेर. माझी अर्धी फुलं शेजाऱ्यांच्या पत्र्यावर वाळायची.

कारण उघड होतं. ती छाटायची, मी छाटत नव्हतो. कसा छाटणार? रस्ता रुंद करायला झाडं पाडतात म्हणून मी शहरभर फलक घेऊन उभा राहतो. 'फांदी तोडणारा हात रोखा' ही घोषणा माझीच. तोच हात घरी कात्री धरणार? मी झाडाला फलकांच्या उरलेल्या काठ्यांचा टेकू दिला.

"भाऊजी, मोर्चाला नेताय का त्याला?" वहिनीने विचारलं.

"तुमच्यासारखी कत्तल करत नाही मी."

"कत्तल काय! लय लाड केले की असंच उंडारतं झाड. माणूसपण."

आई हसली. वहिनीचा टोमणा मी पचवला असता, आईचं हसणं नाही पचलं.

पुढे आईचे गुडघे धरले. "तुझं फूल हाताला लागत नाही रे आता," म्हणाली, आणि रोज सकाळी सरळ वहिनीच्या ड्रमकडे जाऊ लागली. परडी भरायची, त्यात माझं एकही नाही. देवासमोर आई सुनेला मिरवायची आणि मी चहा पीत जळायचो. झाडं वाचवणारा मी, आणि देवाला फुलं कापणाऱ्या बाईची! हा कुठला न्याय?

एप्रिलमध्ये वहिनी माहेरी गेली. तिथे द्राक्षबागेची खरड छाटणी चालू होती. खरड म्हणजे वेलीच्या काड्या पार एक-दोन डोळ्यांवर आणायच्या, हे तिच्याच तोंडून ऐकलेलं. मी तिचीच कात्री घेतली आणि माझी जास्वंद वीतभर ठेवून सगळी उतरवली. एक पान ठेवलं नाही.

परत आल्यावर ती गच्चीवरूनच ओरडली. "अहो भाऊजी, द्राक्ष आहे का ती? थोडी पानं नको का ठेवायला? मी माझी कधी अशी भुंडी केली?"

खरं सांगायचं तर तिला छाटताना मी कधी पाहिलंच नव्हतं. कापलेल्या फांद्यांचा ढीग तेवढा बघायचो आणि तणतणत खाली यायचो.

खुंटाची साल उन्हाने तडकायला लागली. वहिनीने आपल्या झाडावरची हिरवी जाळी सोडली आणि माझ्या खुंटावर बांधली.

"ढवळाढवळ नको," मी म्हणालो.

"बरं. मग मरू द्या."

जाळी मी काढली नाही. जाळी गेल्याने तिच्या झाडाची पानं कडेने करपली, ते बघून मला बरं वाटलं. वाटलं ते वाटलं.

पाऊस सुरू झाल्यावर खुंटाला चहूबाजूंनी कोंब फुटले. श्रावणाच्या तोंडावर पहिलं फूल आलं, थेट आईच्या हाताशी. त्या सकाळी आई नेहमीसारखी वहिनीच्या ड्रमकडे वळली. मी मुद्दाम गप्प उभा राहिलो. तिला आपणहून दिसायला हवं होतं.

"आई, इकडं बघा की," वहिनी म्हणाली, "भाऊजींच्या झाडाला फूल आलंय."

म्हणजे माझं फूल देवाकडे जाणार तेही हिच्या शिफारशीने!

आईने ते तोडलं, परडीत टाकलं. मी विचारलं, "यात माझं कुठलं, सांग बरं."

"सगळी लालच आहेत रे."

मी परडीत हात घातला. माझं जरा बारीक होतं, लगेच ओळखू आलं. ते काढून सगळ्यांच्या वर ठेवलं.