मगरीवरचा राजा आणि दीड वीत

एकमाप पेंटर बेचाळीस वर्षं एकाच पार्कात रंगला. पार्कही साधासुधा नव्हे. आकाशपाळणा, भुतांचा बोगदा, तळ्याभोवती फिरणारी बुटकी आगगाडी. बसगाड्या भरभरून माणसं लांबून यायची. बोगद्यातल्या भुतांचे दात त्याने दरवर्षी पांढरे केले, आगगाडीच्या इंजिनाला गाल दिले, फिरत्या लाकडी घोड्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं. सकाळी शेडचं दार उघडलं की टर्पेंटाइनचा वास त्याच्या अंगावर झेप घ्यायचा, घरच्या कुत्र्याने घ्यावी तशी.

नाव त्याचं दुसरंच होतं, पण ते हजेरीच्या वहीबाहेर कधी पडलं नाही. "एकदाच मापायचं, एकदाच कापायचं," हे तो दिवसातून चारदा म्हणायचा. दुसऱ्यांदा माप घेणारा सुतार दिसला, की नुकताच जेवून उठलेला माणूस पुन्हा पानावर बसलेला बघावा तसा त्याच्याकडे बघायचा. म्हणून एकमाप. चिडवायला ठेवलेलं हे नाव त्याने पदवीसारखं मिरवलं.

आणि या माणसाच्या हातून झालेलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे एक चूक होती. दीड वितीची. ती चूक आहे हे तिघांनाच ठाऊक होतं: त्याला, त्याच्या बायकोला आणि पार्कातल्या फोटोवाल्याला.

झालं होतं असं. पन्नास वर्षांपूर्वी, पार्क उघडायला आठवडा राहिला असताना, मालकांनी त्याला एक मोठी फळी रंगवायला दिली. मगरीवर मांड ठोकून बसलेला राजा, डोक्यावर मुकुट, आणि तोंडाच्या जागी भोक. मागून माणसाने तोंड घालायचं, पुढून फोटोवाल्याने फोटो काढायचा. एकमाप तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याने जीव ओतून मगर काढली. ती इतकी समाधानी दिसत होती की आधीचा राजा तिने नुकताच संपवला असावा.

राहिलं भोक. ते किती उंचीवर कापायचं? मध्यम उंचीच्या माणसाचं माप हवं होतं. पार्कात मध्यम उंचीची माणसं पोत्याने होती, पण तिकिटाच्या खिडकीत एक मुलगी नवीन लागली होती, आणि एकमापला माप तिचंच घ्यायचं होतं. दोरी घेऊन तो खिडकीशी गेला.

"सरळ उभ्या राहा."

"उभीच आहे."

"हलू नका. श्वाससुद्धा घेऊ नका."

"का? उंचीत हवा भरते का?"

एकमापचे कान लाल झाले. त्याने घाईघाईने दोरीचं एक टोक बाहेरच्या जमिनीवर पायाखाली दाबलं, दुसरं तिच्या डोळ्यांपर्यंत नेलं, गाठ मारली आणि निघाला. एकदाच मापलं, एकदाच कापलं. खिडकीच्या आत, तिच्या पायाखाली, दीड वीत उंचीचा लाकडी चौथरा होता. तो त्याला दिसला नाही. त्याला त्या दिवशी तिच्या डोळ्यांखालचं काहीच दिसलं नव्हतं.

फळीची चाचणी घ्यायला मालक आले, सगळे कामगार जमले. "कुणीतरी मागे उभं राहा," मालक म्हणाले, आणि खिडकीतली मुलगी दार उघडून बाहेर आली. जमिनीवर ती दीड वीत बुटकी आहे, हे एकमापला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ती फळीमागे गेली. टाचा उचलल्या. पुढून सगळे बघत राहिले. राजाच्या मुकुटाखाली, तोंडाच्या जागी, हळूहळू एक अंबाडा उगवला. दोन काट्यांसकट. फोटोवाल्याने बटण दाबलंसुद्धा.

"हे काय?" मालक म्हणाले.

चुकलं, एवढे तीन अक्षरांचे कष्ट होते. पण एकमापने छाती पुढे काढली. "मुद्दाम केलंय, साहेब. राजा कधी मान खाली घालतो का? भोक वर असलं की माणूस टाचा उचलतो, मान ताणतो. आपोआप राजा दिसतो."

मालक विचारात पडले. तेवढ्यात फळीमागून अंबाडा बोलला, "आणि राणीने काय करायचं? उडी मारायची?"

सगळे खो खो हसले, मालकही हसले, आणि भोक तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून फोटोवाला "मान वर!" असं ओरडून फोटो काढू लागला. कुणी मागे स्टूल ठेवायचं सुचवलं, तर एकमाप कडाडायचा, "राजाला स्टूल लागत नाही!" चार महिन्यांत खिडकीतल्या मुलीशी त्याचं लग्न झालं. अंबाड्याच्या फोटोचं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "फाडून टाकला." फाडला नव्हता. फोटोवाल्याकडून तो त्याने हिसकावून घेतला होता आणि वॉर्निशच्या रिकाम्या डब्यात घालून वरच्या कप्प्यात ठेवला होता.

आता पार्काला पन्नास वर्षं होत होती. नव्या मॅनेजरबाईंनी ठिकठिकाणच्या कुटुंबांकडून जुने फोटो मागवले, आणि ते कोणत्या काळातले ते ओळखून घ्यायला खोकं घेऊन एकमापच्या घरी आल्या. जेवायच्या टेबलावर फोटो पसरले. पहिल्या दहा वर्षांतले काळेपांढरे. मग रंगीत, उन्हात ठेवल्यासारखे नारिंगी झालेले. विजारी रुंद झाल्या, पुन्हा अरुंद झाल्या, केस फुगले आणि बसले. बदलली नाही ती फक्त मगर. आणि तिच्यावरचा राजा. प्रत्येक फोटोत, प्रत्येक दशकात, मान ताणलेली, डोळे आभाळात, आणि समोर दोन नाकपुड्या. एका गृहस्थाने तर उडी मारली होती, त्याच्या तोंडाचा नुसता फराटा आला होता.

"काका, एक विचारू?" मॅनेजरबाई म्हणाल्या. "पन्नास वर्षांत एका माणसाचा चेहरा नीट नाही. हे एक सोडून." तो एक उंचच्या उंच माणूस होता. त्याचं तोंड भोकात बरोबर बसलं होतं, आणि त्यामुळे तो फार कंटाळलेला दिसत होता.

"ती माझी कल्पना होती," एकमाप म्हणाला. बायकोला ठसका लागला.

"म्हणजे खरंच मुद्दाम? मग तेच लावू या! भिंतीवर मोठ्या अक्षरांत: 'मान वर' या कल्पनेचे जनक. तुमचा सत्कार करायचा, सगळ्यांसमोर." मग त्या बायकोकडे वळल्या. "काकू, कामगारांची पण एक भिंत आहे. तुम्ही सव्वीस वर्षं खिडकीत होतात ना? तुमचा एखादा फोटो द्या."

बायकोने चष्मा लावला. एकेक फोटो उलटत गेली आणि एका जागी तिचं बोट थांबलं. खिडकीसमोर एक कुटुंब हसत उभं होतं. "ही बघा, ही मी."

"काकू, हा हात आहे."

"हो. मनगटावर घड्याळ आहे ना, ते माझं. तिकीट देतेय." तिने असे आणखी दोन हात शोधून काढले. एकात अंगठा होता फक्त. मग चष्मा काढून म्हणाली, "हाताला कोण ओळखणार? राहू द्या." आणि कप उचलून आत गेली.

तिने ते अगदी हलकेच म्हटलं होतं. पण एकमाप आयुष्यभर बारीक रेघा ओढत आलेला माणूस. मोरीत तोच कप तिने तीनदा विसळला, हे त्याला बसल्या जागी ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी तो डबा काखेत मारून फोटोवाल्याकडे गेला. फोटोवाला आता गुडघ्यांनी हैराण होता, पण जिभेला काही झालं नव्हतं. डबा उघडून त्याने फोटो बघितला आणि डोळे पुसेपर्यंत हसला.

"लेका, हा अजून आहे? मग दे की लावायला!"

"आणि सत्कार?"

"होईल की. चुकीचे जनक म्हणून."

"तुला हसायला काय जातंय! तू असं कर, तिचा तो हात आहे ना, तो मोठा करून दे."

"किती मोठा?"

"भिंतीएवढा."

"मग लोक म्हणतील, या पार्कात राक्षसीण तिकिटं फाडायची. अरे, पन्नास वर्षं ती तुझं गुपित सांभाळतेय. तुला एक अंबाडा दाखववेना?"

एकमापने डब्याचं झाकण ठोकून बसवलं आणि रागारागाने उठला. चार पावलांवरून परतला, कारण डबा तिथंच राहिला होता.

सत्काराच्या दिवशी पार्काच्या मोठ्या दालनात पन्नास वर्षांच्या नाकपुड्या ओळीने लागल्या होत्या. लोक आपापल्या वडिलांच्या, आज्यांच्या नाकपुड्या ओळखून एकमेकांना दाखवत होते. कामगारांच्या भिंतीवर सुतार होता, माळी होता, आगगाडीचा ड्रायव्हर होता. खालच्या कोपऱ्यात एक अंगठा होता. बायको त्या भिंतीकडे पाठ करून बसली होती.

मॅनेजरबाईंनी "मान वर" या कल्पनेचं असं कौतुक केलं की एकमापला स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं. टाळ्या वाजल्या. तो उठला. भाषणाऐवजी त्याने वॉर्निशचा डबा टेबलावर ठेवला. झाकण गंजलेलं, त्यात त्याने ते रागाने ठोकून बसवलेलं. नखाने निघेना. दाताने निघेना. लोकांना वाटलं, हा काही खेळ आहे. मागून कुणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या. शेवटी बायको उठली, पिशवीतल्या चमच्याने तिने झाकण उचकटलं, आणि आत बघून जागच्या जागी खिळली.

"फाडला होतात ना?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"नाही."

"पन्नास वर्षं?"

"फाडवेना."

मॅनेजरबाईंनी फोटो हातात घेऊन उलटसुलट केला. "काका, यात राजाला तोंडच नाही. हे केस कुणाचे?"

एकमापने बायकोकडे बोट केलं. "हिचे. पार्कातला हा पहिला फोटो आहे, नाकपुड्यांच्याही आधीचा. कल्पनाबिल्पना काही नव्हती. मी हिचं माप खिडकीबाहेरून घेतलं. आत चौथरा होता. चुकलं. दीड वीत चुकलं, आणि चुकलं म्हणायची लाज वाटली, म्हणून तुमच्या सगळ्यांच्या माना ताणल्या."

मग एक म्हातारे गृहस्थ मान चोळत म्हणाले, "तरीच!" आणि असा हशा उसळला की भिंतीवरचे दोन फोटो तिरपे झाले. एकमाप खाली बघून उभा राहिला. हसणं ओसरायची वाट बघत होता, पण ते ओसरेचना, आणि मग आपलाही त्यात सूर लागलाय हे त्याच्या ध्यानात आलं.

"हाच लावा कामगारांच्या भिंतीवर," तो म्हणाला. "अंगठा काढा."

"अंगठाही राहू द्या," बायको म्हणाली. "पण केसांना तरी कोण ओळखणार? मला तोंड आहे म्हटलं."

एकमापने तिच्याकडे बघितलं. मग शेडमध्ये गेला आणि रंगाच्या थेंबांनी ठिपक्याठिपक्यांचं झालेलं त्याचं जुनं स्टूल उचलून आणलं. अंगणात फळी अजून होती, मगर अजून समाधानी होती. सगळं दालन त्याच्यामागे बाहेर आलं. त्याने स्टूल फळीमागे ठेवलं, बसलं का हलवून बघितलं, खाली वाकून दोरीने उंची मापली. मग पुन्हा एकदा मापली.

"एकमाप!" फोटोवाला ओरडला. "दोनदा? मला धरा कुणीतरी!"

"तू कॅमेरा धर."

बायको त्याच्या खांद्याचा आधार घेत स्टुलावर चढली. वयाने ती चार बोटं आणखी बुटकी झाली होती, पण स्टूल उंच होतं. मुकुटाखाली, भोकाच्या बरोबर मधोमध, तिचं तोंड आलं. सुरकुतलेलं, पांढऱ्या केसांचं, आणि अंगणात जमलेल्या एकेकाला निरखणारं.

"मान वर!" फोटोवाला सवयीने ओरडला.

"काही गरज नाही," राजा म्हणाला. "काढ असाच."

त्या फोटोत उजव्या कडेला, फळीच्या मागून, एक टक्कल आणि स्टूल घट्ट धरलेला एक हात दिसतो. तो कुणाचा, हे एकमापने स्वतः खाली बारीक अक्षरांत रंगवून ठेवलं आहे: स्टूल धरणारा, राजाचा नवरा.