चारचा उजेड

बर दुबईतल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या इंग्रज साहेबांइतका सूर्याशी उभा दावा मांडलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सारी हयात सिनेमाच्या कॅमेऱ्यामागे गेलेली. विलायतेतल्या स्टुडिओत फिल्मचे डबे वाहण्यापासून सुरुवात, मग टेप लावून कॅमेऱ्यापासून नटाच्या नाकापर्यंतचं अंतर मोजणं, आणि पुढे स्वतःचे सिनेमे. इथे आले ते एका जाहिरातीसाठी, दोन आठवड्यांकरता. पण वाळवंटातली एक संध्याकाळ मनासारखी उतरली नाही, म्हणून ती पुन्हा टिपायला एकवीस वर्षं राहिले. आमच्याकडे आले की खुर्चीत ते कधी टेकत नसत. गळ्यातलं उजेड मोजायचं यंत्र आधी समोरच्याच्या गालाशी धरत, मग पडदा सरकवत, दिवा विझवत. तोवर चहावर साय आलेली असे. एकदा खजुरीखालची सावली पाहायला दीड तासावरच्या अल ऐनपर्यंत गेले आणि ढग आला म्हणून गाडीतून न उतरताच परतले. माझी बायको त्यांना भावजी म्हणे आणि बेधडक मराठीत सुनावे, "भावजी, उजेड कुठे पळत नाही. चहा निवतोय." त्यांना ते कळे कसं, कोण जाणे.

तिचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुढच्या सोमवारी भरती व्हा, औषधाने केस जातील. ती तडक जिना चढून वर गेली. "भावजी, केस आहेत तोवर माझा एक चांगला फोटो काढा. भिंतीवर लावण्याजोगा."

आठवडाभर ते रोज चारला येत. तिला खिडकीशी बसवत, उजेडाचा अंदाज घ्यायला तिच्या हाती एक करडा पुठ्ठा देत, चाचणीचे दोन-तीन फोटो घेत आणि धुळीने पांढरं पडलेलं आभाळ बघून कपाळाला आठ्या घालत. "टुमारो, इन्शाल्ला." रविवारीही तेच म्हणाले. सोमवारी आभाळ लख्ख होतं. साहेब कॅमेरा घेऊन आमच्या बंद दारापाशी येरझाऱ्या घालत होते, असं वॉचमनने नंतर सांगितलं. महिन्याने ती घरी आली ती डोक्याला रुमाल बांधून. फोटोचं नाव मग कुणीच काढलं नाही.

ती गेल्यावर साहेब एक पाकीट घेऊन आले आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसले. "सब में लाइट गलत है," एवढंच म्हणाले. आत चाचणीचे फोटो होते. प्रत्येकात ती हनुवटीखाली पुठ्ठा धरून, केस कानामागे सारून, त्यांना काहीतरी सुनावते आहे.

त्यातला एक मी भिंतीवर लावला. साहेब अजूनही चारला येतात, उभ्यानेच त्याच्यापुढे यंत्र धरतात, पडदा इकडचा तिकडे करतात. मी चहा आणून ठेवतो. तो निवतोय, हे मात्र त्यांना मी सांगत नाही.