बाबांच्या ताटाची डावी बाजू

दिवाळीच्या आधीचा शनिवार. कोथरूडमधल्या एका कॅन्सरतज्ज्ञांच्या केबिनमध्ये माझे बाबा खुर्चीत बसून डब्यातली पोळी-भाजी खात होते... आणि शेजारी मी, इम्युनोथेरपीची प्रिंटआउट्स घेऊन युद्धाच्या तयारीत.

थोडं मागे जाते. बाबांना स्वादुपिंडाचा, म्हणजे पॅन्क्रियाजचा कॅन्सर झालाय. गाठ एका रक्तवाहिनीला चिकटलेली होती, म्हणून आधी केमोने ती लहान करायची आणि मग ऑपरेशन, असं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ठरवलं होतं.

गाठ शहाण्यासारखी लहान होत होती. पण बाबांचं वजन भराभर उतरत होतं... असंच चाललं तर सर्जन ऑपरेशन करणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आणि ऑपरेशन नाही म्हणजे काय, ते मी इंटरनेटवर नको इतकं वाचलं होतं.

त्यात ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी 'पूरक इम्युनोथेरपी'चं पॅकेज पाठवलं. प्रतिकारशक्ती वाढते, भूक लागते, वजन वाढतं... मला हेच तर हवं होतं. मी घरी सगळं वाचून दाखवलं, तर बाबांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "पॅकेज का? जेवण धरून?"

तरी आम्ही येरवड्याहून निघून सेकंड ओपिनियनला कोथरूडला गेलोच. नंबर लागेपर्यंत बाबांची जेवायची वेळ झाली. आईने डबा काढला तशा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, इथेच निवांत जेवा, तोवर मी फाइल वाचते.

वाचता वाचता त्यांनी मला नीट समजावलं. इम्युनोथेरपी हे खोटं औषध नाही... पण या कॅन्सरमध्ये ती थोड्याच जणांना लागू पडते, ज्यांच्या गाठीत ठरावीक जनुकीय बदल असतात त्यांना. बाबांच्या रिपोर्टमध्ये तसे बदल नव्हते.

आणि ही पॅकेजं? त्यांचा फायदा अजून सिद्ध व्हायचाय, असं त्या म्हणाल्या. काही नवीन करायचंच असेल तर रीतसर ट्रायलमध्ये, आपल्या डॉक्टरांना सांगून... आणि केमो थांबवून तर मुळीच नाही.

माझा चेहरा पडला. आता वजन वाढणार कसं?

तेवढ्यात बाबांचं जेवण झालं. त्यांनी बेसिनवर हात धुतले, रुमालाने पुसले, शर्टाच्या खिशातून दोन कॅप्सूल काढल्या आणि पाण्याबरोबर घेतल्या. मॅडम बघतच राहिल्या.

"काका, या रोज अशाच घेता? जेवण झाल्यावर?"

"औषध जेवणानंतरच घेतात," बाबा म्हणाले.

चिठ्ठीत 'जेवणाबरोबर' लिहिलंय, हे मॅडमनी त्यांना दाखवलं. बाबांनी चष्मा लावून ते वाचलं. "जेवणाबरोबर घ्यायला ते काय लोणचं आहे?"

आईने कपाळाला हात लावला. मॅडमना मात्र हसू आवरेना. "लोणचंच समजा, काका. ताटात डावीकडे वाढून घ्यायचं. एक पहिल्या घासाबरोबर, दुसरी जेवण अर्धं झालं की."

झालं होतं असं, की बाबांच्या स्वादुपिंडात अन्न पचवणारा रस पुरेसा तयार होत नव्हता. त्या कॅप्सूल म्हणजे तोच रस. अन्नात मिसळण्याऐवजी तो उशिरा पोहोचायचा... आणि बाबांनी खाल्लेलं अंगी लागायचं नाही.

आमच्या घरात कोणाला यात काही खटकलंच नव्हतं. आमच्याकडे औषधाच्या दोनच वेळा... उपाशीपोटी, नाहीतर जेवून हात धुतल्यावर!

त्या संध्याकाळपासून आईने सूत्रं हातात घेतली. ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी आणि शेजारी दोन कॅप्सूल. बाबा घासाबरोबर एक गिळायचे आणि "अजून मुरलेली नाही" असा शेरा मारायचे.

वजन आधी उतरायचं थांबलं. मग हळूहळू काटा वर सरकायला लागला... सर्जननी बाबांना नीट तपासलं, नवा स्कॅन पाहिला आणि म्हणाले, "करूया." मी खाली पार्किंगमध्ये येऊन स्कूटरवर बसून मनसोक्त रडले. आनंदाने.

ऑपरेशन चांगलं झालं. बाबा घरी आलेत. पुढे केमो आहे, तपासण्या आहेत, सगळं संपलेलं नाही हे आम्हाला माहीत आहे. पण नवीन उपचार शोधत फिरण्याआधी चालू असलेलं औषध आपण कसं घेतोय ते एकदा डॉक्टरांना सांगा, एवढं मात्र मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय. त्या मॅडमचे आभार कसे मानू, कळत नाही...

काल दुपारी बाबांनी आणखी अर्धी पोळी मागितली. आईने ती वाढली. इतके महिने ती त्यांचं जेवण होईपर्यंत ताटाकडे बघत नुसती उभी असायची... काल तिने आपलंही ताट घेतलं, त्यांच्या शेजारी बसली आणि पोटभर जेवली.