बापूच्या नावाची मूठ

त्या श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, घरी बसवावी की नाही, हेच मला ठरवता येत नव्हतं. एरवी मी घरातली थोरली सून. रोटाच्या, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या, गव्हांपासून चौरंगापर्यंत सगळं माझ्याकडे, आणि माझं कधी काही अडत नाही. पण चैत्रात धाकट्या जावेचा, यशोदेचा, लहानगा मुलगा बापू गोवरानं गेला आणि त्या दिवसापासून त्याची पाच वर्षांची बहीण सुमन बोलायचीच थांबली.

उपायांत मी कसूर केली नाही. दृष्ट काढली, अंगारा लावला, भडगावच्या डॉक्टरांचं टॉनिक पाजलं. पाळणा माळ्यावर टाकला, बापूचे कपडे देऊन टाकले, आणि पोरीसमोर त्याचं नाव काढायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद दिली. यशोदेनं रडायचं ते गोठ्यात जाऊन. पोर मात्र दिवसेंदिवस आक्रसत चालली. अंथरूण ओलं करायची, परकराची किनार चावत बसायची. "हाई बी जाई मनी," हीही हातची जाईल या धास्तीनं यशोदा म्हणायची. मी देवापुढे बसायचे, पण मागावं कसं ते सुचत नसे. शेवटी नाना, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, कानबाई बसेल. मी कामाला लागले.

शनिवारी गिरणेला पूर आला आणि पलीकडे जाणारी एस.टी. गावातच अडकली. उतारूंपैकी एक पोक्त बाई आमच्या ओसरीवर टेकल्या. शिरपूरकडे बालवाडी चालवतात, एवढंच त्यांनी सांगितलं. मी चहा दिला आणि गव्हांकडे वळले.

आमच्याकडे रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एकेक मूठ गहू घेतात. मी नाव घेत होते, यशोदा सुपात मूठ टाकत होती. शेवटचं नाव झालं, मी सूप उचलणार, तोच सुमन पुढे आली. पाटीत हात घातला आणि आपली चिमुकली मूठ सुपावर धरून उभी राहिली. कुणाची, ते सगळ्यांना कळलं. मी तिचा हात धरला. "नको बाळा, गेलेल्याची मूठ घेत नाहीत."

"टाकू द्या, अक्का," ओसरीवरून त्या बाई म्हणाल्या.

मी नानांकडे पाहिलं. रोटाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

"टाकू दे वं माय," नाना म्हणाले. "कानबाई काय तलाठी शे का, मुठी तपासाले?"

मूठ पडली, आणि पोर बोलली. "मी त्याले मर म्हणेल व्हतं. त्यानी मनी बाहुली तोडी. म्हणूनच गया ना तो?"

मी सूप खाली ठेवलं. त्या बाई आत येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "म्हटल्यानं कुणी मरत नाही, बाळ. त्याला गोवर झाला होता. ताप उतरला नाही." मग यशोदेला म्हणाल्या, "हे तुम्ही सांगा. ती परत विचारील, परत सांगा. आणि तिच्यासमोर रडू आलं तर रडा. तुम्ही लपता, तर तिला वाटतं आई आपल्यावर रागावली." यशोदेनं लेकीला मांडीवर ओढलं, सांगितलं, आणि दोघी पोटभर रडल्या. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात बापूचं नाव मोठ्यानं घेतलं गेलं.

रविवारी पूर ओसरला, देवी बसायच्या आत त्या बाई निघूनही गेल्या. आल्यागेल्याची सगळी चौकशी करणारी मी, त्यांचं नाव विचारायचं राहिलं. आळीतल्या बायका म्हणतात, कानबाईच आली होती. मी वाद घालत नाही. मी केलेल्या बंदोबस्तात तिला यायला जागा नव्हती, तरी ती आली, एवढंच मला कळतं.

सोमवारी देवी विसर्जनाला नदीवर नेली. परतताना सुमन वाटभर तेच विचारत होती, यशोदा तेच सांगत होती.

"आजून इचारू?"

"इचार ना, माय."

रिकामा चौरंग घेऊन मी मागून चालत होते. घरी कामांचा ढीग पडला होता. दर थोड्या पावलांनी दोघी थांबत, आणि मीही थांबे. पाय उचला, असं एकदाही तोंडी आलं नाही. मनात कानबाईला म्हटलं, आई, तू पोचवशील तेव्हा पोचू.