गार्डसाहेब, पाळकसाहेब आणि येणारा राजा

चार संशयी माणसं एका सतरंजीवर बसली, की किस्से पायलीनं साठतात. आमच्या बैठकीत संशयी नव्हता असा माणूसच नव्हता!

सत्तरच्या दशकात दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, माझ्या घरी, दर रविवारी संध्याकाळी शास्त्रवाचन चाले. मी इंजिन शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस. वाचून दाखवत आमच्या चर्चचे पाळकसाहेब. ऐकायला येत सॉलोमनमामा, मालगाडीचे गार्ड. ते बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. पत्नी वारलेली, दौंडात बसाउठायला त्यांना माझंच घर.

पाळकसाहेबांनी मला बजावलं होतं, "नाताळपर्यंत त्यांनी ख्रिस्ताला मानलं तर ठीक. नाहीतर बैठकीत नकोत. तुझा विश्वास पोखरतील."

मला बैठकही हवी होती आणि मामाही.

*

एकदा जुन्या करारातल्या यशयाचा त्रेपन्नावा अध्याय निघाला. "ख्रिस्ताच्या कितीतरी शतकं आधी त्याचं दुःख इथं लिहून ठेवलंय!" पाळकसाहेब म्हणाले.

मामांनी पुस्तक घेऊन पानाची शिवण तपासली. "हे पान मागाहून तर न्हाई ना घातलं?"

पुढच्या रविवारी ते आपली हिब्रू पोथी घेऊन आले. घडाघडा वाचलं.

"आता अर्थ सांगा," पाळकसाहेब म्हणाले.

"वाचायला शिकलो. अर्थ वडील सांगणार होते!"

*

कुमारीला मुलगा होईल, या वचनावरून तर दर रविवारी जुंपायची. मामा म्हणत, "पुण्याची आमची माणसं सांगतात, मूळ हिब्रूत नुसती तरुण बाई हाय."

आमची मंडळी चहा घेऊन आली. "कुणी का असंना, गोठ्यात बाळंत झाली ना बिचारी? चहा निवतोय."

*

मामा माझ्या घरी पोटभर पाणी पीत. पण पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकसाहेबांनी तांब्या उचलला, की हे सरकून भिंतीला टेकत.

"हातात पाणी असलेल्या पाळकाजवळ मी बसत न्हाई!"

*

निमोणे गावात पाळकसाहेबांनी चावडीपुढं जखऱ्या संदेष्ट्याचं वचन सांगितलं, की तुमचा राजा गाढवावर बसून येतोय. एक म्हातारे आप्पा मेंढरं थांबवून ऐकत होते. त्यांनी हळूच विचारलं,

"गाढवावर बसवला? गुन्हा काय केलता त्यानं?"

*

नाताळ तोंडावर आला. मामांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला मुलगा झाला. सुंतेच्या दिवशी मामांनी सगळ्यांना बोलावलं.

"मी येणार नाही," पाळकसाहेब म्हणाले. "गोड बोलून ते आपल्यालाच ओढतायत. आता बैठक बंदच झालेली बरी."

तरी मी गेलो.

मामांच्या खोलीत सतरंजी होती आणि एकच खुर्ची. तिच्यावर पांढरी चादर, फुलं. "ही एलिया संदेष्ट्याची," मामा म्हणाले. "आमचा मसीहा राजा यायच्या आधी तो येणार. तवर कुणी बसायचं न्हाई." पाळकसाहेब नेहमी म्हणत, एलिया ख्रिस्ताआधी आलेल्या योहानाच्या रूपानं कधीच येऊन गेला, आता वाट कसली बघता?

विधी झाला. मलिदा वाटायला घेतला होता: पोहे, गूळ, खोबरं, फळं. इतक्यात दारात पाळकसाहेब! सायकल दामटून आलेले, धापा टाकत, हातात बाळासाठी टोपडं. "माफ करा," म्हणाले आणि समोरच्या त्याच खुर्चीवर धपकन बसले.

लेकीनं तोंडावर पदर घेतला. मी मनात म्हटलं, संपलं!

मामा मलिद्याचं ताट घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. पायापासून डोक्यापर्यंत त्यांना न्याहाळलं.

मग ताट पुढं केलं.

"लई उशीर केलात, साहेब! घ्या, खा."