हौसामावशींचा सोमवार

हौसामावशी टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. लोणावळ्याहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या बंगल्यात मला कामाला लागून चारच दिवस झाले होते. हॉलमध्ये भिंतभर टीव्ही चालू, आवाज पूर्ण बंद, समोरचे सोफे रिकामे. आणि मावशी स्वयंपाकघराच्या दाराशी, खांबाच्या आड, पाय पसरून बसलेल्या. तोंड समोरच्या काचेच्या कपाटाकडे. कपाटात पाहुण्यांच्या कपबश्या आणि काचेत, कपबश्यांवरून चाललेली मालिका. मी हॉलमधून सरळ त्यांच्याकडे निघालो तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"तितनं नको," त्या हळूच म्हणाल्या. "भितीकडनं ये. वाकून."

टीव्हीच्या बरोबर वर कॅमेरा होता. बंगल्याला असे नऊ कॅमेरे. मालक, म्हणजे साहेब, मुंबईला राहायचे, बंगला सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायचे आणि फोनवर बघायचे. टीव्ही पाहुण्यांसाठी आहे, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कॅमेऱ्याला हॉल दिसायचा, सोफे दिसायचे, पण त्याच्याच खालचा टीव्ही दिसत नसे. त्याला ऐकूही येतं म्हणून आवाज बंद. आणि साऱ्या हॉलमध्ये खांबाआडची ती दोन माणसांपुरती जागा तेवढी त्याच्या नजरेतून सुटली होती. ती शोधायला मावशींना वर्ष लागलं होतं.

"आपन मालिका बघतो आन साह्यब आपल्याला बघत्यात," त्या म्हणायच्या. "त्यांचीच लय लांबलीया. अकरा वर्सं झाली, संपंना."

मावशी पवनेकडच्या एका वाडीतल्या. वय साठीला टेकलेलं, अंग काटक, मान ताठ. मी किनवटकडचा. सातवीत शाळा सुटली, मग ऊसतोड, वीटभट्टी, पुण्यात बांधकाम, असं करत तिशीत इथं पोचलो. मी भित्रा माणूस आहे. हातातलं काम जाईल ही भीती माझ्या पोटात कायम असते, जेवतानाही असते. मावशींना ती पहिल्या आठवड्यातच दिसली असावी. मला त्या 'मारोतराव' म्हणायच्या. इतक्या मोठ्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी गाड्या यायच्या आणि रविवारी दुपारी जायच्या. मधल्या वेळात आम्ही माणसं नसायचो. वीस-पंचवीस पाहुणे, पोहण्याच्या टाकीतली पानं, चुलीवरचं चिकन, शंभरावर भाकरी, तुंबलेली न्हाणी, हरवलेले चार्जर, पहाटे चहा आणि त्या चहानंतर पुन्हा चहा. मावशी भाकऱ्या थापताना कमरेत वाकत नसत, कारण एकदा वाकल्या की उठता यायचं नाही. सोमवारी सगळ्या चादरी धुवून गच्चीवर पडल्या की दुपारी तीनला त्या खांबाआड येऊन बसायच्या. बसताना तोंडातून एकच शब्द निघायचा, "सुटले." खरं तर फाटकाबाहेर पाऊल टाकलं तरी साहेबांचा फोन यायचा. पण त्या दीड तासाला त्या सुटकाच म्हणायच्या.

तीन वाजता मालिकेचे आठवडाभरातले भाग एकापाठोपाठ पुन्हा लागत. आवाज नसल्यामुळे बोलायचं काम मावशींकडे होतं. मोठ्या घरातली ती माणसं खरं काय बोलत होती ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मावशींच्या तोंडून ती मावळातलं बोलायची. भरजरी साडीतली सासू डोळे वटारून पुढे आली की मावशी खालच्या आवाजात सुरू करायच्या, "दोन नंबरच्या खोलीतली उशी कुटं गेली? मोजून ठिवलीती मी." पिवळ्या साडीतल्या सुनेचे डोळे भरून आले की, "मला काय इचारता, पाव्हन्यांनी टाकीत टाकली आसंल." नवरा खिडकीबाहेर बघत उभा असला की, "मोटार जळली. आता पानी कुटनं चढायचं वर?"

मी तोंडात रुमाल कोंबून हसायचो. मावशी हसत नसत. त्यांची खरी तक्रार होती.

"आठ मानसं उभी हायत हॉलात," त्या म्हणायच्या. "एकाच्या बी हातात झाडू न्हाई. मंग भांडनं न्हाई व्हनार तर काय व्हईल?"

काचेत सगळं उलटं दिसायचं. सुनेचा पदर उजव्या खांद्यावर यायचा, म्हणून मावशींनी ठरवून टाकलं होतं की घर गुजराती आहे. तसे पाहुणे आमच्याकडे पुष्कळ यायचे, त्यामुळे त्यांची जेवणखाणं मावशींना पाठ होती, आणि मालिकेतल्या लोकांना त्या ढोकळाच खायला लावायच्या. एकदा साहेबांनी मला कामशेतला तांदूळ आणायला पाठवलं. तिथल्या एका दुकानात तीच मालिका सरळ चालू होती. पदर डाव्या खांद्यावर. मला कसंतरीच झालं, अनोळखी माणसांच्या घरात शिरल्यासारखं. परत येऊन मावशींना सांगितलं, ती माणसं मराठीच आहेत.

"आसतील," त्या म्हणाल्या. "दुकानात मराठी आसतील. आपल्या हितं गुजरातीच हायत."

एका सोमवारी नवऱ्याच्या फोटोला हार घातलेला दिसला. सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले, सून भिंतीला डोकं टेकून. मावशींनी काचेकडे निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "वाढदीस हाय त्याचा."

"मावशी, पांढरे कपडे घातलेत."

"ऱ्हाऊ दे. तो गेलाय सुरतला, चादरी आनाय. ह्येंना वाटलं हरवला."

पुढचे चार सोमवार तो सुरतहून चादरी घेऊन येतच होता. गाडी चुकली, माल भिजला, व्यापारी भेटला नाही. मावशींच्या मालिकेत कुणी मरत नसे. आठवडाभर राबल्यावर आणखी मयताला कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या पावसाळ्यात एका बुधवारी माझ्या बहिणीचा फोन आला. आईची उजवी बाजू गेली होती. बोलणं बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, यायचं तर आत्ताच या. मी साहेबांना फोन केला. ते ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नसत. म्हणाले, "शनिवारी चाळीस जणांची पार्टी आहे, मारुती. सोमवारी जा. आणि परत आल्यावर जागा असेलच असं मी सांगू शकत नाही, ते तुझं तू बघ." मी 'हो साहेब' म्हणालो. मला दुसरं काही म्हणता येत नाही. फोन ठेवून चादरींच्या घड्या घालत बसलो, घातलेल्या घड्या पुन्हा मोडून घालत बसलो.

मावशींनी माझ्या हातातली चादर काढून घेतली.

"किती लांब हाय तुझं?"

"जाऊन-येऊन तीन दिवस. मधी एक दिवस तिथं."

"मंग उद्या पाटंला निघ. सोमवारी हितं पायजे."

"कॅमेरा हाय मावशी."

"कॅमेऱ्याला काय दिसतंय? तुजा निळा रेनकोट आन टोपी. त्यो मी घालती." माझं तोंड बघून त्या पुढे म्हणाल्या, "घरात लुगड्यात मी, भाईर रेनकोटात तू. पावसात कोन तोंड बघतंय? आन पाव्हन्यांचं म्हनशील तर त्यांना ताट दिसतं, ताट धरनारा न्हाई दिसत."

"साहेबांना कळलं तर तुमचंही काम जाईल."

"जाऊ दे की. मला घर हाय डोंगरापल्याड. वसरीत का हुईना, खाट हाय." मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. मालिकेतल्या माणसांचं बोलताना असायचा तो आवाज नव्हता तो. "मारोतराव, ह्ये टीव्हीतलं न्हाई. ह्यात सुरतला कुनी जात न्हाई. आई हाय, जा."

मागच्या बाजूला, भातखाचराकडे, कंपाउंडाची जाळी म्हशींनी वाकवली होती. तिथं कॅमेरा नव्हता. गुरुवारी पहाटे मी तिथून बाहेर पडलो. रेनकोट मावशींकडे ठेवला होता, त्यामुळे स्टेशनपर्यंत भिजतच गेलो. कोण बघतंय म्हणून सारखा मागे वळून बघत होतो. गाडीतही बघत होतो.

आईनं मला ओळखलं. बोलता येत नव्हतं. डाव्या हातानं तिनं माझा अंगठा धरला आणि दिवसभर सोडला नाही. बहीण म्हणाली, जेवून घे. मी डाव्या हातानं जेवलो, कारण उजवा हात आईकडे होता. शनिवारी रात्रीच्या गाडीसाठी मी तिची बोटं एकेक करून सोडवली. आई त्यानंतर दीड महिना होती. मला पुन्हा जाता आलं नाही. जे काही मिळालं ते तेवढंच.

बंगल्यावर काय झालं ते मला मावशींनीच सांगितलं, सगळ्यांचे आवाज काढून. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी व्यवस्थित काम केलं होतं. टाकीतली पानं काढली, गाड्या लावून घेतल्या, फाटक उघडलं. चाळीस जणांचा स्वयंपाक करून मधेमधे मावशी मागच्या दारानं जाऊन रेनकोट चढवून पुढच्या बाजूनं येत होत्या. साहेबांनी शनिवारी एकदा फोन केला होता, "मारुतीला द्या." मावशींनी फोन हातातच ठेवून चार पावलं टाकली आणि माझ्या आवाजात, माझ्या बोलीत बोलल्या.

"व्हय साहेब. पानी काढायलोय साहेब. बरं साहेब."

"मला वाटलं धरलं," त्या म्हणाल्या. "पन तू 'व्हय साहेब'च्या म्होरं कदी बोललाच न्हाईस, त्यानं वाचले."

घात झाला रविवारी. पाहुणे गेले, ओल्या चादरींचा ढीग पडला. पाऊस थोडा उघडला होता. तीन दिवसांच्या शिणानं मावशी रेनकोट अंगात आहे हेच विसरल्या. टॉवेलाची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, तिच्यावर चादरींची पाटी घेतली, आणि एक हात कमरेवर ठेवून, मान ताठ, पाणी आणायला निघालेल्या बाईसारख्या फाटकावरच्या कॅमेऱ्यासमोरून चालत गच्चीच्या जिन्याकडे गेल्या. मी ओझं खांद्यावर घेतो. आमच्याकडचे आणि त्यांच्याकडचेही सगळे पुरुष खांद्यावरच घेतात. मावळातल्या बाईनं लहानपणापासून डोक्यावर वाहिलेलं ओझं रेनकोट घातला म्हणून खांद्यावर येत नाही.

फोन जिन्यातच वाजला. साहेबांनी या वेळी तोंड दाखवायला सांगितलं. मावशींनी टोपी काढली.

"मीच धाडलंया त्याला," त्यांनी सांगितलं. "त्यो नको म्हनत होता. त्याला ठिवायचं आसंल तर ठिवा. मी उद्या जाती."

साहेबांनी विचार केला असणार. तरुण माणूस, लांबचा, कुठं जाणार नाही असा. त्यांनी मला ठेवलं.

सोमवारी सकाळी मी जाळीतून आत आलो तेव्हा मावशींचं गाठोडं बांधून तयार होतं. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणालो, मी पण येतो तुमच्याबरोबर. म्हणालो खरं, पण म्हणतानाच पोटातली ती भीती वर आली, आणि ती मावशींना दिसली.

"कुटं येतूस? माझ्या वसरीत?" त्या म्हणाल्या. "आईच्या औशिदाला लागंल ना? ऱ्हा हितं. मी गेले त्येचं काय चीज हुईल, तूबी गेलास तर?"

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. दूधवाला सांगतो, मावशी शनिवार-रविवार लोहगडवाडीला एका टपरीवर गड चढणाऱ्यांसाठी भाकऱ्या थापतात आणि मालकालाच कामाला लावतात. मधे एक डोंगर आहे. त्यांना सवड असते त्या दिवशी मला फाटक सोडता येत नाही, आणि साहेबांनी आता जाळीच्या वाकलेल्या जागेवरही कॅमेरा बसवला आहे. दूधवाल्याकडे मी निरोप देतो. त्या निरोपात काय सांगायचं ते मला नीट जमत नाही. 'बरा आहे' एवढंच सांगतो.

त्या सोमवारी मी त्यांचं गाठोडं फाटकापर्यंत नेलं. पाया पडायला वाकणार तोच त्यांनी तोंड न हलवता मला थांबवलं.

"वाकू नको. त्यो बघतुया." त्या फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघत बोलत होत्या. "आपलं त्येला कशाला दावायचं? ताठ उबा ऱ्हा. हात खाली सोड. झालं, पावलं मला."

मी हात खाली सोडून उभा राहिलो. मावशींनी गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पवनेच्या रस्त्याला लागल्या. साहेबांच्या फोनवर त्या सकाळी एवढंच दिसलं असेल, की एक बाई बाहेर गेली आणि एका माणसानं आतून फाटक लावून घेतलं.